पाव्याचं मेण

१२ जानेवारी

पार्सल आलं! वॉचमननं सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं — "फुंक्या, तुझ्या नावाचं काहीतरी आलंय. मधाचा वास सुटलाय. एकट्यानं खाऊ नकोस!"

मध नव्हता. बिस्किटांचा जुना डबा. आत आईनं शिवलेली पिशवी, आणि पिशवीत मेण. काळं, जड, माझ्या दोन मुठींएवढं. मामाचं मेण! हात पितळेच्या भुशानं भरले होते, आधी धुऊन आलो, मगच हातात घेतलं.

लगेच धाकटीचा फोन. "दादा, मिळालं का? मामा दर तासाला विचारून डोकं खातोय." मागनं मामाचा आवाज — "वाटेत वितळलं का विचार त्याला!" मामाचं बोलणं आता शिट्टी वाजल्यासारखं येतं. पुढचे दोनच दात राहिले होते, तेही या महिन्यात पडले. पाव्याची नळी ओठात ठरत नाही, हवा बाजूनं निसटते. म्हणून मेण माझ्याकडं आलंय. चुलतभावाचं लग्न तेवीस फेब्रुवारीला. पावा मी बांधायचा आणि मीच वाजवायचा.

मी! तीन हिवाळे शिकून अर्ध्यात पळालेला मी!

१३ जानेवारी

माझ्या खोलीतला लांब्या विचारतो, "मेण पार्सलनं मागवतोस? दुकानात किलोवर मिळतं की." तोंडानं नीट सांगता आलं नाही. इथं लिहून बघतो.

आमचा पावा म्हणजे एक वाळका भोपळा, त्यात खोवलेल्या वेळूच्या दोन नळ्या, टोकाला शिंग. हे सगळं मेणानं जोडलेलं. भोपळा फुटतो. वेळू चिरतो. शिंग किडतं. ते टाकून द्यायचं, नवं आणायचं. मेण टाकायचं नाही. जुना पावा उकलला की मेण खरवडून काढायचं, गरम करायचं आणि नव्या पाव्याला लावायचं. जो बांधतो त्यानं आपलं थोडं नवं मेण त्यात मिसळायचं. मामानं त्याचं घातलं, मामाच्या बापानं त्याचं, त्याच्या आधीच्यांनी त्यांचं. किती जणांचं आहे कुणाला ठाऊक!

आणि ज्यानं बांधला त्यानंच वाजवायचा. दुसऱ्या कुणी तोंड लावलं तर पावा उकलायचा, मेण काढून ठेवायचं. बाईमाणसानं तर हातही लावायचा नाही.

लांब्याला वाचून दाखवलं. मग म्हणतो, "म्हणजे तुझ्या पणजोबाची थुंकी पण असणार यात." गाढव आहे. पण डब्यावर आपली जड पिशवी ठेवली होती ती त्यानं लगेच उचलली.

१७ जानेवारी

दम सुटलाय. पाच वर्षांत पाव्याला तोंड लावलं नाही. पाव्यात थांबून श्वास घ्यायचा नसतो. गालात हवा धरायची, ती ढकलत ढकलत नाकानं नवी आत ओढायची. दम तुटला की सूर तुटतो, आणि सूर तुटला की नाचणाऱ्यांचा फेर जागीच अडखळतो. सगळे वळून बघतात!

पेल्यात पाणी घेतलं, नळी घातली आणि बुडबुडे काढत बसलो. बुडबुडे थांबता कामा नयेत. मामानं असंच शिकवलं होतं, भोपळ्याच्या पानाचा देठ आणि वाटीतलं पाणी. आज पस्तीस आकड्यांपर्यंत गेलो. मग खोकला. लांब्या म्हणाला, पाणी पिण्याची ही कसली पद्धत.

१८ जानेवारी

चाळीस.

२१ जानेवारी

रविवार. घरी फोन. बुडबुड्यांचं सांगितलं तर धाकटी म्हणाली, "नाकानं घेताना खांदे उचलत असशील तू. खांदे पाड." पाडले. साठ! फोनवरच मोजले तिनं. तिला कसं कळलं म्हटलं तर, "एवढी वर्षं मामाला बघत नाही का मी?"

मामा फोनवर आला. मागच्या वर्षी शहरातनं एक बाई यंत्र घेऊन त्याचं वाजवणं भरून न्यायला आल्या होत्या, तो किस्सा पुन्हा ऐकवला. बाई म्हणाल्या, "हे असंच्या असं जपा, अजिबात बदलू नका." मामा म्हणाला, "बाई, मी काय बरणीत भरून ठेवायचा माणूस आहे? नवरीच्या चालीचा शेवट माझा मीच बदललाय. जुना शेवट फार रडका होता, नवऱ्यामुलाचं तोंड पडायचं."

मग म्हणाला, "लग्नात गाणी लावायला भोंग्याच्या पेट्या आणणार आहेत. चार पेट्या. नवरी दारातून आत येईपर्यंत पावा, मग पेट्या, असं ठरलंय. एवढंच उरलंय आपल्याकडं. एवढं तरी तुटू देऊ नकोस."

तुटू देणार नाही.

२५ जानेवारी

उंदीर! डब्याचं झाकण नीट बसत नाही, पिशवीचा कोपरा कुरतडलेला. मेणाला दोन दातांच्या खुणा. लांब्यानं औषध आणून टाकलं, पण माझा भरवसा नाही. सकाळी डबा घेऊन कारखान्यात गेलो. मातीच्या पिंपाच्या वरची फळी, सगळ्यात गार जागा. तिथं ठेवला.

उस्तादनं बघितलं. उस्ताद म्हणजे आमच्या ओतकामाचा मुख्य कारागीर. डाव्या कानानं ऐकूच येत नाही, उजव्यानं हवं तेवढंच येतं. डबा उघडून त्यानं वास घेतला, डोळे मिटले. "खरं मेण! हे हल्ली कुठं बघायला मिळतं रे?" मी फुशारकीत म्हटलं, "आमच्याकडं असंच असतं." बाकी काही बोललो नाही. भट्टीवरनं हाक आली.

उस्तादकडं शाळेच्या घंटेचं काम आलंय. एवढी मोठी घंटा सहा वर्षांत झाली नव्हती. कारखान्यात सगळं नळाच्या तोट्यांचं नि दाराच्या मुठींचं काम, त्याला दुकानातलं तयार मेण चालतं. घंटा मात्र उस्ताद जुन्या रीतीनं हातानं करणार, आधी मेणाची, मग धातूची. पितळेची नाही, तांबं आणि कथील. या उन्हाळ्यात तो काम सोडतोय. ही शेवटची.

२७ जानेवारी

मालकानं मला माल पोचवायला बाहेर पाठवलंय. दोन दिवस. टेम्पोत मागं बसून बुडबुडे. नव्वद!

२९ जानेवारी

कसं लिहू.

सकाळी आलो. फळीवर डबा होता. रिकामा. घासून पुसून ठेवलेला.

उस्ताद घंटेपाशी बसला होता. मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या पट्ट्या एकीला एक लावून गुळगुळीत केलेल्या. मेणाची घंटाच उभी. आणि तिचा रंग काळा! मला बघून उस्ताद उठला. हा माणूस कुणासाठी उठत नाही, मालकासाठीसुद्धा. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाला, "मोठ्या मनाचा आहेस रे पोरा. मी नुसतं कौतुक केलं आणि तू आणून ठेवलंस. दुकानातलं मेण तडकत होतं, दोनदा मोडून पुन्हा केलं. तुझं घातलं आणि बघ, लोण्यासारखं बसलं!"

तोंड उघडलं. सगळे बघत होते. लांब्या पॉलिशच्या चाकापाशी उभा होता, त्यालाच ठाऊक होतं. तो तोंडाचा आ वासून उभा.

मी म्हटलं, "छान झालीय घंटा."

३० जानेवारी

सांगितलं नाही.

३१ जानेवारी

सांगितलं नाही. लांब्या म्हणतो, "मी सांगू?" म्हटलं, खबरदार. मामाचा फोन आला, मेण बरं आहे ना. हो म्हटलं. मामाशी पहिल्यांदाच खोटं बोललो. पहिल्यांदा नाही, पण मेणाबाबत पहिल्यांदा.

बिचाऱ्या उस्तादची काय चूक? वीटभट्टी, बर्फाचा कारखाना, गोदाम, ट्रक — पाच वर्षांत किती ठिकाणं झाली, कुठंच आठ महिन्यांवर टिकलो नाही. इथं दीड वर्ष झालं ते याच माणसामुळं. पहिल्याच दिवशी मी निखारे फुंकत होतो, हा बघत उभा. म्हणाला, "तुझा श्वास संपत नाही का?" तेव्हापासून मी फुंक्या. तेव्हापासून मला झाडू मारायला कुणी सांगितलं नाही, साच्यांवर बसवलं. पळून गेलेल्या पोरालाही मामाची विद्या पोटाला घालत होती, आणि मामाला ते माहीत नाही.

२ फेब्रुवारी

घंटेवर पहिला मातीचा हात लागला. चाळलेली बारीक माती, मऊ कुंच्यानं. उद्या दुसरा हात. मग मेण दिसणारसुद्धा नाही.

३ फेब्रुवारी

सांगितलं! चहाच्या सुट्टीत, उजव्या कानाशी बसून, सगळं. मामाचे दात, भोपळा, कुणाकुणाचं मेण, तेवीस तारीख.

उस्तादनं शेवटपर्यंत ऐकलं. कप खाली ठेवला. मग उठला, कोपऱ्यातनं हातोडी घेतली आणि घंटेकडं निघाला. "मोडतो. माती ओली आहे तोवर मेण सुटेल."

मी आडवा झालो. खरंच आडवा, दारात! "उस्ताद, सात दिवसांचं काम आहे!"

"आणि तुमचं किती दिवसांचं आहे?"

लांब्या धावत आला, त्यानं हातोडी काढून घेतली. तिघेही दारातच बसलो. उस्तादनं हातांची माती झटकली. म्हणाला, "मला विचारायला काय झालं होतं? चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या फळीला हात लावला नव्हता." मग माझ्याकडं वळून — "आणि तुला बोलायला काय झालं होतं?"

थोड्या वेळानं शांत झाला. म्हणाला, "ऐक. मेण कुठं जात नाही. साचा तापवताना खालच्या भोकातनं बाहेर येतं. त्या दिवशी तू खाली बसायचं. थेंब न थेंब धरायचा. माती थोडं पिणार, तेवढं मात्र गेलं. आणि त्यात माझं मेण आहे, राळ आहे. ते वेगळं करणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही."

आज पोटभर जेवलो. पाच दिवसांनी.

१० फेब्रुवारी

पहाटे पाचपासून भट्टीच्या तोंडाशी. खाली परात, परातीत पाणी. आधी नुसता धूर. मग एक थेंब. मग धार! काळी, चकचकीत. पाण्यात पडून गोळा होत होती. भुवया भाजल्या. उस्ताद मागं उभा राहून ओल्या फडक्यानं माझी मान पुसत होता. माझा बाप असता तर त्यानं असंच केलं असतं की नाही, माहीत नाही. बाप आठवतच नाही.

दुपारी धातू ओतला. जिथं मेण होतं त्याच पोकळीत. नुसतं बघितलं.

परातीतलं मेण उस्तादनं गाळलं. मातीचे कण गेले, सगळे नाहीत. दोन ढेपा झाल्या. एक मोठी, एक लहान. मोठी माझ्या डब्यात घातली. मी म्हटलं, उस्ताद, ही माझ्यापेक्षा जास्त आहे. म्हणाला, "उरलेल्यातही तुमचं आहेच थोडं. ते इथं माझ्या भांड्यात राहू दे. पळपुट्या माणसाचं काहीतरी तारण असावं."

१२ फेब्रुवारी

साचा फोडला. घंटा निघाली! उस्तादनं एक काडी दातांत धरली, काडीचं दुसरं टोक घंटेला टेकवलं आणि मला म्हणाला, "मार." मी हळूच टोला दिला. त्याला कानानं ऐकू येत नाही तर दातांनी ऐकतो. डोळे मिटलेले. आवाज संपता संपत नव्हता. संपल्यावरही काडी बराच वेळ दातांतच.

मग काडी माझ्याकडं दिली. "तूही ऐक. तुझ्या माणसांचं आहे."

ऐकलं. कवटीत शिरला आवाज. वेडा झालो असतो.

१३ फेब्रुवारी

मालकानं पंधरा दिवसांची रजा दिली. मागताना वाटलं होतं, नोकरी जाणार. म्हणाले, "परत येणार आहेस का? तुझी ख्याती ऐकलीय." हो म्हटलं. आणि बोलल्यावर लक्षात आलं, खरंच येणार आहे.

लांब्यानं स्वतःचा चांगला शर्ट दिला. मला गुडघ्यापर्यंत येतो.

१६ फेब्रुवारी

दोन गाड्या, एक ट्रक, शेवटचे तीन तास पायी. डबा मांडीवर. ट्रकवाला म्हणतो, काय, सोनं आहे का? म्हटलं, मेण. पुढं तो बोललाच नाही माझ्याशी.

आईनं दारातच चेहरा चाचपला. "भुवया कुठं गेल्या रे?"

१७ फेब्रुवारी

मामा अंगणात खाटेवर. किती वाळलाय! मी बोलायला लागायच्या आधीच त्यानं हात पुढं केला. डबा दिला. त्यानं मेण काढलं, तळव्यांत धरून ऊब दिली, नाकाशी नेलं.

"राळ आहे."

"हो."

"माती आहे."

"हो."

"माणसाच्या घामाचा वास आहे, आणि तो तुझा नाही."

मग सांगितलं. फळी, घंटा, परात, सगळं. मान वर केली नाही. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, आई चुलीपाशी.

मामा मेण चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, "तुझं मेण तू कुठलं घालणार होतास?"

मी हा विचारच केला नव्हता! जो बांधतो त्यानं आपलं घालायचं. मी जंगलात पोळं काढायला गेलो नव्हतो. शहरात कुठलं पोळं?

मामा म्हणाला, "मग झालं की. तू जिथं जगतोस तिथलं घातलंस. माझ्या बापानं नदीपलीकडच्या पोळ्याचं घातलं होतं. परक्या रानाचं! आज्यानं आठ दिवस बापाकडं तोंड केलं नाही. नवव्या दिवशी स्वतःच म्हणाला, वाजव बघू." आणि हसला. बोळक्या तोंडानं. "तुझ्या त्या उस्तादाला सांग, घंटा फुकट ऐकायला मी येणार आहे."

मी मागच्या अंगणात जाऊन रडलो. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि ठेवून गेली.

२० फेब्रुवारी

पावा बांधला. तीन दिवस लागले. भोपळा मामानं दोन वर्षं धुरावर टांगून ठेवलेला. वेळू मी तोडला. भोकं तापल्या सळईनं पाडली, मामा बोटांनी अंतर मोजून सांगत होता. जोड मात्र मी माझ्या पद्धतीनं घेतले, कारखान्यात घेतो तसे: आधी सळई गरम, मग मेण पातळ, वरनं ओला अंगठा. राळेमुळं जोड असे बसले की मामानं नळी हलवून पाहिली, जागची हलेना. "उन्हात आमचे जोड सुटायचे," म्हणाला. "एकदा भर लग्नात शिंग गळून नवऱ्याच्या पायावर पडलं होतं!"

पहिला सूर काढला.

२२ फेब्रुवारी

दोनशे आकडे! नवरीची चाल दीडशे आकड्यांत संपते. जमलं. उद्या.

चुलतभाऊ येऊन बघून गेला. भोंग्याच्या पेट्या आल्यात, माणसाएवढ्या उंच. तो म्हणतो, "दादा, तुझं लवकर आटप हं, पोरं थांबायची नाहीत." थांबतील म्हटलं.

२३ फेब्रुवारी

सगळं नीट चाललं होतं. नवरी वस्तीच्या तोंडाशी आली, मी सूर धरला, फेर सुरू झाला. म्हाताऱ्या बायकांनी आधी एकमेकींच्या कमरेत हात घातले. मग पोरं, पेट्यांवर बसलेली, हळूहळू उठली. पाय पडायला लागले. शंभर. एकशे वीस. नवरी अंगणात. मामा खाटेवर ताठ बसलेला. एकशे चाळीस. नवरीनं दारात पाय उचलला —

"थांबा थांबा! ताई, मागं जा! चेहऱ्यावर सावली आली!"

फोटोवाला! नवरी बिचारी मागं गेली. पुन्हा आली. "हां, आता हसा. नाही, पुन्हा!" तिसऱ्यांदा! नवरी आत येईपर्यंत पावा थांबायचा नाही. एकशे नव्वद. दोनशे वीस. खांदे वर आले. डोळ्यांपुढं काळं. आता तुटणार, हे मला कळलं. फेरातल्या पायांनाही कळलं.

माझ्या ओठातनं पावा कुणीतरी काढला. काढला म्हणजे बोटांवर बोटं ठेवली, नळी स्वतःच्या तोंडात घेतली. धाकटी.

मध्ये खंड पडला का? पडला असेल एखाद्या थेंबाएवढा. पाय थांबले नाहीत. आणि मग ती जे वाजवायला लागली! खांदे पडलेले, गाल हलके, डोळे नवरीवर. नवरीला पुढं घेत होती, हाताला धरून आणावं तसं. नवरी फोटोवाल्याकडं न बघता सरळ आत आली. धाकटीनं मामाचा शेवट वाजवला, आणि त्यापुढं आणखी एक वळण घेतलं, ते मी कधीच ऐकलं नव्हतं. तिचं स्वतःचं.

ती थांबली. पेट्या लावायचंही पोरं विसरली.

मामा उठला. काठी टेकत आला. तिच्या हातातनं पावा घेतला आणि घरात गेला.

२४ फेब्रुवारी

मामा बोलत नाही. ना तिच्याशी, ना माझ्याशी. पावा त्याच्या खाटेच्या वरती खुंटीला. खाली सळई आणि वाटी ठेवलीय. मेण काढायची वाटी.

धाकटीला विचारलं, कधीपासून? म्हणाली, "तू पळालास त्या दिवसापासून. तुझी वाटी आणि देठ तसेच पडले होते. मामा शेतावर गेला की दम, आणि बोटं सुट्या वेळूवर." पाच वर्षं! मग म्हणाली, "दादा, तुझा तुटला असता म्हणून घेतला रे. नाहीतर नसता घेतला."

खरं सांगायचं तर मला राग आलाच नाही. मला हलकं वाटलं. हे कुणाला सांगू? बांधताना माझे हात स्वस्थ होते. वाजवताना कधीच नव्हते.

मामापुढं जाऊन म्हटलं, "पावा मी बांधला. मी म्हणतो, तिनं वाजवावा." मामानं भिंतीकडं तोंड केलं.

२६ फेब्रुवारी

निघालो. मामाच्या पाया पडलो, त्यानं डोक्यावर हात ठेवला, पण शब्द नाही. पावा खुंटीलाच. वाटी खालीच. आई म्हणाली, "तिसरा दिवस आहे. त्यांच्यात हट्ट मोजून असतो." धाकटी टेकडीपर्यंत आली. रडली नाही. म्हणाली, "उकलला तरी चालेल. एकदा वाजवला ना."

२ मार्च

कारखाना. उस्ताद शेवटचा महिना भरतोय. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "माझ्या बायकोनं माझ्यापेक्षा चांगले साचे केले आयुष्यभर. घरी. नाव माझं लागलं."

लांब्याला शर्ट परत दिला. मेणाचा डाग पडलाय. म्हणाला, राहू दे, पणजोबा आहेत.

४ मार्च

आज नववा दिवस. फोन नाही.

९ मार्च

फोन नाही. मी केला तर लागत नाही. उकलला असणार. तरीही, लिहून ठेवतो, मी कुणाला नावं ठेवणार नाही. मामानं श्वास दिला, उस्तादनं हात दिले, बहिणीनं लाज राखली. एवढं कुणाला मिळतं?

१५ मार्च

धाकटीचा फोन. धापा टाकत. फोन बिघडला होता म्हणे. मागनं गलका. "दादा, पावा उकलला नाही! मामा विचारतोय, उस्तादांच्या भांड्यात मेण किती आहे? खालच्या वस्तीतल्या तिघी पोरी ओट्यावर येऊन बसल्यात. मामा त्यांना देठ नि वाट्या वाटतोय! म्हणतो, एका पाव्याच्या मेणात चार होत नाहीत, त्याला म्हणावं बांधायला ये."

उस्तादच्या उजव्या कानात सांगितलं. त्यानं भांडंच उचलून माझ्यापुढं ठेवलं.